लाल माझे, पांढरे तुझे

मी खेळण्यातला एक ठोकळा आहे, आणि जायच्या आधी थोडं बोलावं म्हणतो. बोटाच्या दोन पेरांएवढी माझी लांबी. डोक्यावर टेंगळं, पोटात पोकळी. माझी टेंगळं वरच्याच्या पोटात बसतात, खालच्याची माझ्या पोटात. एवढंच माझं काम. एकट्या ठोकळ्याला काही करता येत नाही.

रंगाने मी लाल आहे, पण कुंकवासारखा नाही. बिदरच्या किल्ल्याचा दगड पावसात भिजला की जसा दिसतो, तसा काळपट लाल. कारखान्यात त्या दिवशी आधी तपकिरी ठोकळे निघत होते. मग कुणीतरी प्लास्टिकचे लाल दाणे ओतले. आधीचा रंग नळीत थोडा राहिला होता, त्या उरल्यासुरल्यात माझा जन्म झाला. माझ्यामागून आलेले सगळे चांगले लाल निघाले. मला कुणी बाजूला काढलं नाही, इतरांबरोबर मीही पुडक्यात भरला गेलो.

हैदराबादच्या एका दुकानातून मला प्रभुलिंगने आणलं. प्रभुलिंग फरशांच्या दुकानात कामाला होता. माल बघायला हैदराबादला जायचा, तेव्हा मुलांसाठी ठोकळ्यांचं एक पुडकं घेऊन यायचा. राहायला कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात भाड्याचं घर. बायको नेत्रावती तिथल्या शाळेत शिकवायची. थोरली पवित्रा, आणि तिच्याहून बराच धाकटा चन्नवीर. त्याला घरात सगळे चन्नू म्हणत. तो नुकता पहिलीत जायला लागला होता.

पुडकी वाढत गेली. कधी मामाने आणलेले ठोकळे, कधी जत्रेतले स्वस्तातले, जे दाबले तरी घट्ट बसायचे नाहीत. आम्ही सगळे फरशी चिकटवायच्या मसाल्याच्या एका रिकाम्या बादलीत राहायचो. तिला घट्ट झाकण होतं. झाकण उघडलं की एवढ्या रंगांनी मुलांचे डोळे भरून जायचे. पांढरा म्हणावा तर एक दुधासारखा, एक जोंधळ्याच्या पिठासारखा, आणि एक उन्हात पडून पिवळा पडलेला. हिरव्याचे तर किती. तुरीच्या कोवळ्या शेंगेचा, कढीपत्त्याचा, बसच्या सीटचा. ही नावं पवित्राने ठेवली होती. मला ती किल्ला म्हणायची. "किल्ला दे रे," म्हटलं की चन्नू ढिगातून नेमका मला उचलून द्यायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं. इतक्या लालांमध्ये आपल्याला वेगळं नाव आहे, याचं कुणालाही बरं वाटेल.

रविवारी दुपारी पवित्रा पडवीत गोधडी अंथरायची, बादली उपडी करायची आणि आम्हाला रंगावारी निवडत बसायची. तिला निवडायला आवडायचं आणि चन्नूला मोडायला. ती ढीग लावायची, तो मधून गाडी फिरवायचा. मग ती चिडायची, तो हसायचा, आणि आतून नेत्रावती ओरडायची की पायात ठोकळा रुतला तर एकेकाला बघून घेईन. तो रुततच असे. मी स्वतः प्रभुलिंगच्या टाचेत दोनदा तरी घुसलोय. तो एका पायावर नाचायचा आणि मुलं गोधडीवर लोळून हसायची.

चन्नूचा जीव चाकांवर. आमच्यात काळ्या रबराची चाकं होती, लहान-मोठी. काहीही बांधलं तरी तो त्याला चाकं लावायचा. पवित्राने घर बांधलं की घराला चाकं. देऊळ बांधलं तर देवळाला. ती विचारायची, घराला चाकं कामून लावायलास रे? तो म्हणायचा, जायला.

मग घरातलं बोलणं बदललं. प्रभुलिंगची आई गंगम्मा कलबुर्गीत एकटी होती, आणि त्याच्या मालकाने कलबुर्गीतच मोठं दुकान काढलं होतं. तो म्हणे तिकडेच राहायला जाऊ. नेत्रावती म्हणे माझी नोकरी इथली, मी सोडणार नाही. सुरुवातीला एवढंच होतं. पुढे त्यात जुनी बोलणी आली, कोण कुणाच्या माहेरच्यांना काय म्हणालं ते आलं. कोणाचं चुकलं ते मी सांगू शकत नाही. मला दोघांचेही हात ठाऊक होते. दोघांनीही मला जमिनीवरून उचलून बादलीत टाकलेलं होतं, आणि दोघांचेही हात मऊ होते.

भांडण चाललं की पवित्रा बादली घेऊन गच्चीवर जायची. चन्नूला पुढ्यात बसवायची आणि त्याला म्हणायची, निवड. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती रंगांची नावं मोठमोठ्याने घ्यायची. चन्नू शाळेत शिकलेली कन्नड नावं घ्यायचा, केंपू, बिळी, नीली. ती मराठीत म्हणायची, लाल, पांढरा, निळा. दोघं मिळून गोंगाट करायची.

शेवटी मोठी माणसं बसली. नेत्रावतीचे वडील गुरुपादय्या मंठाळहून आले, गंगम्मा कलबुर्गीहून आली. मुलगा बापाकडे राहील आणि मुलगी आईकडे, असं ठरलं. महिन्यातून एका रविवारी दोघा भावंडांना हुमनाबादला भेटवायचं, कारण ते दोन्ही गावांच्या वाटेवर पडतं. मुलांना कुणी काही विचारलं नाही. पवित्रा दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती.

भांडी वाटली गेली, कपाट वाटलं गेलं. मग कुणाची तरी नजर आमच्या बादलीवर पडली. गुरुपादय्या भला माणूस. नातवंडांत एकाला कमी, एकाला जास्त नको म्हणून त्यांनी धान्याचं माप मागवलं. एक माप इकडे, एक तिकडे, असं निम्मं निम्मं करून टाकू म्हणाले.

पवित्रा पुढे आली आणि बादलीवर हात ठेवला.

"तसं नगं अज्जा," ती म्हणाली. "रंगावारी वाटू. लाल माझे, पांढरे त्याचे."

ती म्हणाली लाल, पिवळे आणि काळे माझ्याकडे राहू द्या. पांढरे, निळे, हिरवे आणि काचेसारखे आरपार दिसणारे चन्नूकडे. म्हणजे कुणाचे कुठले त्यावरून भांडण होणार नाही.

मोठी माणसं हसली. इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं होतं. प्रभुलिंग म्हणाला, बघा, पोरांना अक्कल आहे, आपल्यालाच नाही. नेत्रावतीने पदराने डोळे पुसले. गुरुपादय्यांनी माप बाजूला ठेवलं.

तिने असं का मागितलं, ते मला माहीत होतं. आदल्या दुपारी, मोठ्यांची बैठक उठल्यावर, गच्चीवर तिने एक घर बांधलं होतं. पायाला लावायच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या भिंती, आरपार ठोकळ्यांच्या खिडक्या, वर लाल छप्पर. छपराच्या टोकाला मी होतो. मग तिने ते घर रंगारंगाने उकललं. लाल सगळे एकीकडे केले, राहिल्या नुसत्या भिंती. पांढरे काढले, राहिलं नुसतं छप्पर, जमिनीवर पडलेलं. ती बराच वेळ दोन्ही ढिगांकडे बघत बसली. आणि आपल्याशीच पुटपुटली, "आता घर बांधायचं म्हटलं तर त्याला यावंच लागतंय."

हे तिने चन्नूला सांगितलं नाही. तो लहान, बापाजवळ बोलून टाकेल आणि मग मोठी माणसं पुन्हा माप मागवतील, अशी तिला भीती होती. चन्नूला एवढंच कळलं की काळ्यांबरोबर चाकंही अक्काकडे गेली. तो रडला. गंगम्मा म्हणाली, अगं चाकं तरी दे त्याला. पवित्राने मान हलवली. तिला ठाऊक होतं की त्याला कशासाठी यावंसं वाटेल. तिने सगळ्यात आधी चाकंच आपल्याकडे घेतली होती.

त्या संध्याकाळी प्रभुलिंग आणि चन्नू कलबुर्गीच्या बसने गेले. बादली आमच्याकडे राहिली. चन्नूचे ठोकळे एका कापडी पिशवीतून गेले. आमच्या बादलीत एकदम मोकळं मोकळं झालं.

मग हुमनाबादचे रविवार सुरू झाले.

बसस्टँडला लागून बसवंतप्पा नावाच्या माणसाचं हॉटेल होतं. चुरमुऱ्यांचा सुसला, भजी आणि चहा. कोपऱ्यातलं एक टेबल बसवंतप्पा आमच्यासाठी रिकामं ठेवायचा. नेत्रावती एका बाकावर, प्रभुलिंग दुसऱ्या. दोघं बोलायचीच नाहीत असं नाही. ताप आला होता का, पुस्तकं मिळाली का, असं काहीतरी विचारायची आणि मग रस्त्याकडे बघत बसायची. मुलं मात्र बशा बाजूला सारून आम्हाला टेबलावर ओतायची. चन्नू पहिल्यांदा चाकांवर झडप घालायचा. पवित्रा आधी हिरवी पाटी मागून घ्यायची.

त्या टेबलावर आम्ही काय काय झालो. घर झालो, शाळा झालो, बिदरचा किल्ला झालो. किल्ल्याचा बुरूज लाल आणि पांढरा पट्ट्यापट्ट्यांचा होता, कारण पवित्राने ठरवलं होतं की दोघांचेही ठोकळे लागलेच पाहिजेत. बसवंतप्पा चहाचे पेले घेऊन जाता जाता थांबायचा आणि म्हणायचा की माझं हॉटेल बांधा एकदा. त्याचंही बांधलं. त्याला चन्नूने चाकं लावली. बसवंतप्पा म्हणाला, बरं झालं, धंदा नाही झाला तर ढकलत कलबुर्गीला नेतो.

महिनाभर ज्या पांढऱ्यांची आठवण काढली, ते पुन्हा पोटाखाली येऊन बसायचे. टक् असा आवाज व्हायचा. तो आवाज मला कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो.

पण कलबुर्गीच्या बसची वेळ झाली की सगळं मोडावं लागायचं. मोडायचं, आणि रंगावारी निवडायचं. लाल बादलीत, पांढरे पिशवीत. पूर्वी चन्नू निवडायला कंटाळायचा. आता तो इतका हळू निवडायचा की बघवत नसे. एक निळा उचलायचा, इकडून तिकडून बघायचा, पुसायचा, मग पिशवीत टाकायचा. कधी मुद्दाम लाल पिशवीत टाकायचा आणि पुन्हा शोधत बसायचा. प्रभुलिंग घाई करायचा नाही. एकदा तर समोरून बस गेली, तरी तो म्हणाला की मागून दुसरी आहे.

एका रविवारी निवडून झालं आणि पवित्राच्या लक्षात आलं की दोन चाकं कमी आहेत. तिने टेबलाखाली पाहिलं. मग चन्नूकडे पाहिलं. त्याने चड्डीच्या खिशात मूठ खुपसली होती.

"काढ," ती म्हणाली.

"दोनच हायत, अक्का."

"न्हाई. पुढच्या बारीला ये, मंग सगळे घेऊन खेळ."

तो रडायला लागला. प्रभुलिंग उठून आला. मुलाच्या डोळ्यांत पाणी बघून त्याचा चेहरा पडला. म्हणाला, दे की गं पवी, दोन चाकांनी काय होतंय. तिने त्याचंही ऐकलं नाही. चन्नूची मूठ तिने स्वतः उघडली, एकेक बोट सोडवत. चाकं घेतली आणि बादलीचं झाकण लावलं. बस निघाली तेव्हा चन्नू खिडकीशी बसला नव्हता. घरी येईपर्यंत पवित्राने बादली मांडीवर धरून ठेवली होती. तिला वाटत होतं, आपण आपल्या भावाला त्रास देत नाही आहोत, धरून ठेवतो आहोत. हे तिने कुणाला समजावून सांगावं, असं तिला कुणी नव्हतं.

प्रभुलिंग वाईट बाप नव्हता. मुलाचं रडणं त्याला सहन झालं नाही, एवढीच गोष्ट.

पुढच्या रविवारी चन्नू बसमधून उड्या मारतच उतरला. हातात पिशवी नव्हती, चकचकीत खोका होता. टेबलावर ठेवून त्याने झाकण काढलं. नवीकोरी ठोकळ्यांची मालगाडी. लाल होते, पांढरे होते, निळे, पिवळे, केशरी, आम्ही कधी न पाहिलेला जांभळासुद्धा होता. आणि चाकं, भरपूर. कुठला ठोकळा कुठे लावायचा त्याची चित्रंही बरोबर छापलेली होती.

पवित्राने बादलीचं झाकण अर्धं उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"तुझे पांढरे कुठं हायत?" तिने विचारलं.

"घरी. आता ह्याच्यात सगळे रंग हायत, अक्का. तू आता ती बादली आणू नको. तुला उगंच वझं व्हतंय."

त्याने ते प्रेमाने म्हटलं. मी ऐकलंय, म्हणून सांगतो. आपल्या अक्काला एवढी जड बादली बसमधून आणावी लागते, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. महिनाभर त्याने ते मनात ठेवलं असेल.

पवित्राने झाकण लावलं. म्हणाली, व्हय, जडच आहे. मग त्याच्या मालगाडीचे डबे जोडायला बसली. चित्रात बघून, जिथे सांगितलं तिथे. बरंच मोठं खेळणं होतं. बसची वेळ झाली तेव्हा मोडावं लागलं नाही, निवडावंही लागलं नाही. चन्नूने अख्खी गाडी उचलून खोक्यात ठेवली आणि हात हलवून गेला. नेत्रावती म्हणाली, बरं झालं बाई, आज रडारड झाली नाही.

त्यानंतर बादली हुमनाबादला गेली नाही.

रविवारही हळूहळू कमी झाले. प्रभुलिंगने दुसरं लग्न केलं. ती बाई चांगली होती म्हणे, चन्नूला तिने जीव लावला. मग मालकाने प्रभुलिंगला हुबळीच्या दुकानात पाठवलं, सगळे तिकडे गेले. तिथून हुमनाबादला एका दिवसात येऊन जाणं होत नाही. फोन यायचे. आधी दर आठवड्याला, मग सणाला. चन्नूच्या बोलण्यात कन्नड वाढत गेलं. सुरुवातीला पवित्रा त्याला मराठीत ओढायची, मग तीच त्याच्याबरोबर कन्नड बोलायला लागली. अक्का एवढा शब्द तेवढा तसाच राहिला.

पवित्रा मात्र बरेच दिवस आम्हाला काढून बसायची. पण लाल, पिवळे आणि काळे एवढ्यांत निवडण्यासारखं काय असतं. तीन ढीग झाले की संपलं. पुढे अभ्यास वाढला, बादली माळ्यावर गेली. माळ्यावर पाली असतात, जुन्या वह्यांचे गठ्ठे असतात, आणि पत्रा तापला की आम्ही मऊ पडतो. मी तिथे किती वर्षं होतो सांगता येत नाही. ठोकळ्याला दिवस कळतो तो झाकण उघडल्यावर.

यंदाच्या उन्हाळ्यात झाकण उघडलं. वर एक लांबट चेहरा होता, ओठावर कोवळी मिशी. मी ओळखलं नाही. बोटं आत आली आणि त्यांनी मला उचललं, तेव्हाही नाही. चन्नूची बोटं आखूड होती.

तो दहावीची परीक्षा देऊन आईकडे दोन दिवस राहायला आला होता. उकडतं म्हणून माळ्यावरचा जुना पंखा काढायला चढला, आणि त्याला बादली दिसली. खाली आणून त्याने ती ओतली. पवित्रा बिदरला नर्सिंग शिकते, ती मुद्दाम त्याच्यासाठी सुट्टी काढून आली होती. ती दाराशी उभी राहून बघत होती. मला तिचा चेहरा दिसत होता. ती वाट बघत होती, त्याला आता काय आठवतं याची.

त्याने आम्हाला हाताने पसरलं. मला दुसऱ्या एका लालावर बसवलं. टक्.

"हे तुझे व्हते का, अक्का?" तो अडखळत म्हणाला. मराठी त्याला आता जुळवून बोलावं लागत होतं. "नुसतेच लाल-पिवळे? बाकीचे रंग कामून न्हाईत?"

पवित्राने मनात आणलं असतं तर तिला सांगता आलं असतं. वाटणीच्या दिवसापासूनचं, गच्चीवरचं, त्याची मूठ उघडली ते, सगळं. मग त्याला कळलं असतं की त्या खोक्याने काय झालं. तो सोळा वर्षांचा मुलगा ते घेऊन हुबळीच्या बसमध्ये बसला असता. पवित्राने त्याच्याकडे पाहिलं आणि हसली.

"मला लाल आवडायचा," ती म्हणाली.

"माझ्याकडं पण असेच जुने व्हते," तो म्हणाला. "पांढरे, निळे. हुबळीला जाताना अप्पानं अंगणवाडीला दिले."

"चांगलं केलं," पवित्रा म्हणाली.

ती आत गेली. स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. चन्नूने मला दुसऱ्यापासून सोडवलं, सगळ्यांना गोळा करून बादलीत भरलं. एकही ठोकळा बाहेर राहू दिला नाही. नीटनेटका मुलगा झालाय. दुसऱ्या दिवशी तो गेला. पवित्रा त्याला हुमनाबादपर्यंत सोडायला गेली होती.

परत आल्यावर ती आईला म्हणाली की बादली तुझ्या शाळेत दे, पहिलीच्या पोरांना खेळायला होतील. तिथे दुसऱ्या रंगांचे ठोकळे असतील त्यांच्यात टाक. आणि कुणाला रंगावारी निवडायला लावू नकोस. सगळे एकत्रच राहू देत.

नेत्रावती जोंधळे पाखडत होती. आता तिचे केस पिकलेत, चष्मा लागलाय. सूप खाली ठेवून तिने बादलीत पाहिलं. तिलाही बहुतेक आजच पहिल्यांदा दिसलं, की आत काय आहे आणि काय नाही.

"तवा रंगावारी कामून वाटून घेतलीस गं?" तिने विचारलं.

पवित्राने सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. की एकाकडे भिंती आणि दुसऱ्याकडे छप्पर राहिलं, तर घर बांधायला दोघांना भेटावंच लागेल. की निम्मं निम्मं केलं असतं तर ज्याने त्याने आपापलं छोटं घर बांधलं असतं आणि बसलं असतं. चाकं का दिली नाहीत तेही सांगितलं.

नेत्रावतीच्या मांडीवरचे जोंधळे खाली सांडले. ती ते भरेना.

"मला एका शब्दानं बोलली न्हाईस," ती म्हणाली.

"तुम्ही कुणी इचारलं न्हाई, अव्वा."

पवित्राच्या आवाजात राग नव्हता. मग तीच खाली बसली आणि आईच्या पुढ्यातले जोंधळे एकेक वेचायला लागली.

पवित्रा बिदरला परत गेली त्याला आता बरेच दिवस झाले. शाळाही सुरू झाली. आमची बादली दाराशी चपलांशेजारी आहे. रोज सकाळी नेत्रावती पर्स खांद्याला लावते, बादली उचलते, उंबऱ्यात थांबते. मग झाकण काढून आत बघते, परत लावते, बादली खाली ठेवते आणि तशीच जाते. संध्याकाळी पवित्राचा फोन येतो. दिलीस का, असं ती विचारत असावी, कारण नेत्रावती रोज एकच उत्तर देते, उद्या देते.

मला तिचा राग येत नाही. पण तुमच्यापैकी कुणी चिटगुप्प्यात राहत असेल, तिच्या वाटेवर कुणाचं घर असेल, तर एवढं करा. सकाळी ती बादली घेऊन उंबऱ्यात उभी दिसली की तिला हाक मारा. म्हणावं बाई, चला, आम्हीपण शाळेकडेच जायलोय. बादलीला एका बाजूने हात लावा. जड नाही ती आता, निम्मीच आहे. ती एकदा उंबऱ्याच्या बाहेर पडली की पुढचं तिचं ती चालेल.

शाळेत कोण कुठल्या रंगाचा माझ्या पोटाखाली येईल, ते मी विचारणार नाही.

येतो.